सोबत गेलेल्या आज्या

चैत्रात आमच्या वडशाकडे पहाटेच्या अंधारात मोह गळतो. बाया टोपल्या घेऊन निघतात तेव्हा कोण कोण आहे ते ओळखू येत नाही, नुसत्या बांगड्या वाजतात. ऊन चढेपर्यंत त्या फुलांचा वास गोड असतो. अंगणात वाळत टाकली की तो दाट होतो, आणि मग केव्हातरी, कुणाच्यातरी घरामागच्या मडक्यात, तोच वास आंबतो. लहानपणी हे दोन वास मला डोळे मिटून वेगळे सांगता यायचे. मामा घरात शिरला की यायचा तो दुसरा.

मी तेरा वर्षांची असताना मामाला शहरातल्या एका केंद्रात पाठवलं. आजोबांनी त्याला एसटीत बसवून दिलं, पिशवीत दोन लुंग्या आणि चिवड्याची पुडी दिली. सोबत कोणी गेलं नाही. रोवणीचे दिवस होते, घरात माणूस मोकळा नव्हता. दीड महिन्याने तो परतला तेव्हा डोळे स्वच्छ होते, हात थरथरत नव्हते. आठ दिवस तो अंगणातल्या बाजेवर बसून होता. नवव्या दिवशी तो वास पुन्हा घरात आला.

दोन वर्षांनी मामा गेला. मला तो पुन्हा नीट आठवला तो फार उशिरा आणि फार दूर, ऑस्ट्रेलियाच्या ऐन मध्यावर, एका पेट्रोल पंपावर.

माझी लेक ॲलिस स्प्रिंग्जमध्ये नर्स आहे. तिच्याकडे मी दोन हिवाळे राहिले. त्यांचा हिवाळा म्हणजे आपला आषाढ-श्रावण. पण तिथे ढगाचा ठिपका नसतो, रात्री पाणी गोठायला येतं आणि दिवसा ऊन काचेसारखं स्वच्छ पडतं. गावातून टॉड नावाची नदी वाहते असं म्हणायचं, मी पाहिली ती फक्त वाळू. पात्रात पांढऱ्या खोडांची थोराड झाडं उभी, आणि त्यांच्या सावलीत माणसं बसलेली. ही भूमी अरेर्न्ट लोकांची, गावाचं त्यांचं नाव म्पार्न्ट्वे. पण सावलीत बसलेली माणसं कुठून कुठून आलेली असतात, तीनशे-चारशे किलोमीटरवरच्या वस्त्यांतून. कुणी डायलिसिससाठी, कुणी नातलगाला भेटायला, कुणी दारूसाठी. येणारे-जाणारे त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहतात ती नजर मी ओळखते. आमच्या बाजारात मामाकडे लोक तसंच पाहायचे.

पंपावर लेक गाडीत पेट्रोल भरत होती आणि मी काच खाली करून तो वास घेत होते. लहानपणापासून मला तो आवडतो, कितीतरी जणांना आवडतो. लेक म्हणाली, "आई, काच लाव. आणि हे ते पेट्रोलच नाही." मग तिने सांगितलं. ॲलिसमध्ये साध्या पेट्रोलच्या जागी ओपल नावाचं इंधन विकतात. ते 2005 साली आलं. साध्या पेट्रोलमध्ये डोक्यात झिंग चढवणारी जी द्रव्यं असतात, टोल्युइन, बेन्झीन वगैरे, ती त्यात फार थोडी ठेवलेली असतात. गाडी चालते, नशा होत नाही. एका देशाने आपल्या वाळवंटासाठी वेगळं पेट्रोल बनवलं, कारण तिथली मुलं ते हुंगत होती.

मुलं. दहा-बारा वर्षांचीही. रिकाम्या डब्यात दोन बोटं पेट्रोल घ्यायचं आणि डबा तोंडाशी धरून हिंडायचं. भूक कळत नाही, थंडी कळत नाही, कंटाळा कळत नाही. नसलेल्या गोष्टी दिसतात. पुढे पाय लटपटतात, बोलणं जड होतं, मेंदू कायमचा अधू होतो. काही मुलं मेली. काही चाकाच्या खुर्चीत बसून म्हातारी झाली.

हे का झालं, याचं एका ओळीत उत्तर देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण काही गोष्टी पाहाव्या लागतात. हुंगणं पसरलेल्या वस्त्यांपैकी युएंडुमू ही ॲलिसपासून सुमारे 290 किलोमीटरवरची, तानामी रस्त्यावरची वस्ती. ती तिथे राहणाऱ्या वार्लपिरी लोकांनी वसवलेली नाही. सरकारने 1946 साली शिधा वाटायचं ठाणं म्हणून वसवली. त्याच्या आधी, 1928 साली, कॉनिस्टनच्या परिसरात पोलिसांच्या तुकडीने वार्लपिरी आणि शेजारच्या लोकांची हत्या केली होती. सरकारी आकडा 31. लोकांच्या आठवणीतला त्याहून कितीतरी मोठा. पाणवठ्या-पाणवठ्यावर हिंडणारी माणसं एका जागी आणून बसवली, पिठाच्या आणि साखरेच्या रांगेत उभी केली, कामं काढून घेतली. मोठ्यांच्या हाताला काम नाही, तिथे पोरांच्या हाताला काय असणार?

तरीही हे गाव म्हणजे नुसतं दुःख, असं मात्र नाही. 1983 साली तिथल्या वडीलधाऱ्या पुरुषांनी शाळेची 30 दारं रंगवली. त्यांच्या भूमीच्या कथा, पूर्वजांच्या वाटा, कुठला पाणवठा कुणाचा, हे सगळं शाळेच्या दारांवर. कारण पोरं त्या दारांतून रोज आत-बाहेर करणार. ती दारं आज ॲडलेडच्या संग्रहालयात आहेत, जगभरचे लोक कला म्हणून पाहतात. मला ती आजोबांनी नातवंडांच्या वाटेत मुद्दाम ठेवलेली वस्तू वाटते.

आणि रात्रीची गस्त. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या वयस्क बाया हातात काठ्या घेऊन रात्री वस्तीत फिरू लागल्या. दारू घेऊन येणाऱ्याला अडवायचं, भांडण सोडवायचं, झिंगलेल्याला घरी पोचवायचं. हत्यार नाही, वर्दी नाही. पण त्या कुणाच्या मावशा होत्या, कुणाच्या आज्या होत्या. वार्लपिरीत आईच्या आईला 'जाजा' म्हणतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा हा शब्द मला आपला 'आजी'च उलटापालटा झाल्यासारखा वाटला. शब्दांचं नातं नसेल, पण त्या क्षणी माझं जुळलं.

मग आलं 1994. युएंडुमूमध्ये हुंगणारी पोरं पाच-पंचवीस नव्हे, त्याहून कितीतरी जास्त झाली होती. गावाने सभा घेतली. पोलिसांना बोलवून झालं होतं, रागावून झालं होतं. पेगी नाम्पिजिन्पा ब्राउन आणि त्यांचे पती यांनी सांगितलं की पोरांना आमच्याकडे द्या, आम्ही त्यांना माउंट थियोला नेतो. माउंट थियो म्हणजे पुतुर्लु, दीडशेएक किलोमीटर लांबचं, वाळूच्या आणि काटेरी गवताच्या मुलखातलं ठिकाण. ती त्या घराण्याची भूमी, वार्लपिरींसाठी पवित्र जागा. जवळपास पंप नाही, दुकान नाही. पोरं तिथे ठेवायची, आणि त्यांच्यासोबत म्हातारी माणसं राहायची.

या 'सोबत' शब्दापाशी मी थांबते. कारण बाहेरून पाहणाऱ्याला यात फक्त अंतर दिसतं. पोरांना पेट्रोलपासून दीडशे किलोमीटर दूर नेलं, संपलं. अंतराने शरीर निवतं हे खरंच आहे. पण अंतर मामालाही मिळालं होतं. वडशापासून त्याचं केंद्रही तितकंच लांब होतं. माउंट थियोत फरक होता तो पोरांबरोबर निघालेल्या माणसांचा. आज्यांनी आपापली पांघरुणं उचलली आणि त्याही गाडीत बसल्या. पोरं थंडीत कुडकुडत होती तेव्हा शेकोटीच्या दुसऱ्या बाजूला त्याही कुडकुडत होत्या. सुरुवातीला सरकारचा पैसा नव्हता. होती ती वृद्धांची चिकाटी, आणि अँड्र्यू स्टोयानोव्स्की नावाचा एक गोरा तरुण, जो त्यांच्या हाताखाली काम करायला तयार झाला. पुढे त्याने या दिवसांवर 'डॉग इअर कॅफे' नावाचं पुस्तक लिहिलं.

तिथे पोरांनी काय केलं? शिकार केली. कंद खणले, घोरपडी पकडल्या. रात्री गोष्टी ऐकल्या. आपली भूमी कुठली, आपण कुणाचे कोण लागतो, कुणाशी कसं बोलायचं, हे शिकली. वार्लपिरी नात्यांची रचना आठ गटांची असते, जन्मतःच माणसाला एक गट मिळतो, आणि त्यावरून अख्ख्या मुलखातल्या प्रत्येकाशी त्याचं नातं ठरतं. म्हणजे तिथे परकं कुणी नसतंच. हुंगणारं पोर या जाळ्यातून गळून पडलेलं असतं. आज्या त्याला पुन्हा जाळ्यात विणून घेत होत्या. 'न्गुर्रा' हा त्यांचा शब्द घरालाही आहे, मुक्कामालाही आणि मुलखालाही. आपल्याला हे तीन वेगळे शब्द लागतात. न्गुर्रा हरवलेल्याला न्गुर्रात नेणं, हा त्यांचा उपचार होता.

मी माउंट थियोला गेले नाही. ती पाहुण्यांनी पाहायला जायची जागा नाही, आणि ते योग्यच आहे. युएंडुमूला मात्र लेकीबरोबर एक दिवस गेले. लाल माती, ऊन, आणि कुत्रीच कुत्री. चित्रकारांचं केंद्र आहे, वार्लुकुर्लांगु, 1985 पासूनचं. ओसरीवर एक म्हातारी जमिनीवर मांडी घालून कॅनव्हासवर ठिपके देत होती. मी शेजारी बसले. तिने माझ्या बांगड्या पाहिल्या, मी तिचे ठिपके पाहिले. मध्ये एक वर्तुळ होतं, वर्तुळात वर्तुळ, आणि भोवती इंग्रजी यूसारख्या खुणा. मी बोट ठेवलं तर तिने जमिनीवर थाप मारून दाखवलं. बसलेली माणसं. वाळूत मांडी घालून बसून उठल्यावर जी खूण उमटते, ती. शेकोटीभोवती किंवा पाणवठ्याभोवती बसलेली माणसं वरून, आभाळातून पाहिली की अशी दिसतात. ती पुन्हा ठिपके द्यायला लागली. मी अर्धा तास तिथेच होते. काही बोललो नाही.

वार्लपिरींची एक रीत आहे. माणूस गेला की त्याचं नाव बराच काळ घेत नाहीत. त्याच नावाचा कुणी जिवंत असेल तर त्यालाही 'कुमनजयी' म्हणतात, म्हणजे नाव न घेण्याजोगा. ही रीत कळल्यापासून तिथल्या माणसांची नावं घेताना माझी जीभ अडखळते. म्हणून मी मोजकीच घेते आहे.

माउंट थियोचं काम एवढ्यावर थांबलं असतं तर पोरांनी परत येऊन पुन्हा डबा धरला असता. माझ्या मामासारखीच. तसं होऊ नये म्हणून गावात रोज संध्याकाळी काहीतरी चालू ठेवलं. फुटबॉल, बास्केटबॉल, नाच, सहली. ऐकायला साधं वाटतं, पण वाळवंटातल्या वस्तीत संध्याकाळ फार लांब असते. कंटाळा हा तिथला खरा विक्रेता. 2003 मध्ये 'जारु पिर्र्जिर्दी' सुरू झालं, त्याचा अर्थ खंबीर आवाज. मोठी होत चाललेली मुलं, त्यांतली काही कधीकाळी स्वतः हुंगणारी, धाकट्यांना सांभाळू लागली. तोवर युएंडुमूतलं हुंगणं थांबलेलं होतं. पुढे हेच काम वार्लपिरी युवा विकास संस्था म्हणून इतर वार्लपिरी वस्त्यांतही पसरलं. 2007 साली पेगी ब्राउन, जॉनी हूकर क्रीक नेल्सन आणि स्टोयानोव्स्की यांना ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलियाचं पदक मिळालं.

ओपलसुद्धा आपोआप आलं नाही. मध्य ऑस्ट्रेलियातल्या स्थानिक संघटनांनी आणि एनपीवाय विमेन्स कौन्सिलच्या बायांनी ते वस्त्यांवरच नव्हे, तर आजूबाजूच्या पंपांवर आणि ॲलिसमध्येही मिळावं म्हणून सरकारचा पिच्छा पुरवला. काही पंपवाल्यांनी नकार दिला. शेवटी 2013 मध्ये कायदा करावा लागला. पुढे मेन्झीस या आरोग्य संशोधन संस्थेच्या पाहणीत, जिथे आधीची तुलना करता येत होती त्या वस्त्यांमध्ये, हुंगणाऱ्यांची संख्या 88 टक्क्यांनी घटलेली आढळली. हे सरकारचं काम होतं आणि सरकारने ते केलं. इंधन बदलणं आज्यांच्या हातात नव्हतं. मला वाटतं कामाची वाटणी अशीच असावी. शेकोटीपाशी आज्या बसतील, सरकारने पंप सांभाळावा.

2007 साली मात्र उलटं झालं. जूनमध्ये सरकारने नॉर्दर्न टेरिटरीच्या वस्त्यांत आणीबाणी जाहीर केली, सैन्य पाठवलं, वंशभेदविरोधी कायदा तेवढ्यापुरता बाजूला ठेवला. वस्त्यांच्या वेशीवर मोठमोठ्या निळ्या पाट्या लागल्या, इथे दारू बंद. ज्या बाया वर्षानुवर्षं काठ्या घेऊन दारू अडवत होत्या त्यांच्याच दारात ती पाटी. आपल्या अंगणात कुणी परक्याने येऊन आपल्यालाच घर झाडायला शिकवावं, तसं त्यांना वाटलं असेल.

आणि त्याच वर्षी, पश्चिमेकडे किंबर्लीत, फिट्झरॉय क्रॉसिंगच्या बायांनी स्वतःहून ठरवलं. त्या खोऱ्यात एका वर्षात पन्नासएक मयती झाल्या होत्या, त्यांतल्या 13 आत्महत्या. दफनविधी संपतच नव्हते. मारनिनवार्न्टिकुरा या बायांच्या केंद्रातल्या जून ऑस्कर आणि एमिली कार्टर यांनी बायांना एकत्र केलं आणि कडक दारू बाटलीबंद विकून घरी नेऊ देणं थांबवा, अशी मागणी केली. गावातलेच लोक विरोधात गेले, धमक्या आल्या. ऑक्टोबर 2007 मध्ये निर्बंध लागला, सहा महिन्यांसाठी, मग कायमचा. पण त्या थांबल्या नाहीत. पोटात असतानाच दारूने ज्यांच्या मेंदूला इजा झाली अशी मुलं आपल्यात किती, ते मोजायला त्यांनीच डॉक्टरांना बोलावलं. त्या पाहणीचं नाव 'लिलिलवान', म्हणजे सगळी चिमुकली. उत्तर आलं, जवळजवळ पाचात एक. स्वतःच्या गावाबद्दल असा आकडा स्वतःहून मागवायला काय काळीज लागत असेल!

गडचिरोलीतल्या बायांना हे समजावून सांगावं लागणार नाही. आमच्या जिल्ह्यात 1993 मध्ये दारूबंदी झाली ती गावोगावच्या सभांनी रेटलेल्या आंदोलनातून. मी तेव्हा कॉलेजात होते. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' संस्था त्यामागे होती, आणि पुढे 2016 पासून 'मुक्तिपथ' हे अभियान गावोगाव काम करतं आहे. बंदीने दारू संपली नाही, नदीपलीकडून येतच राहिली. पण बाईला उठून 'नको' म्हणायला जागा मिळाली. फिट्झरॉयच्या बायांनाही तेवढीच हवी होती.

एनपीवायच्या, म्हणजे ओपलसाठी भांडलेल्या त्या विमेन्स कौन्सिलच्या बायांच्या मुलखात एक शब्द ऐकला, 'कुलिनी'. ऐकणं, विचार करणं, समजणं, तिन्ही एकाच शब्दात. आपण पण म्हणतो ना, पोरगं ऐकत नाही. तिथे वैदू असतात, न्गंगकारी. त्यांच्या मते माणसातलं 'कुरुन्पा', चैतन्य म्हणा, धक्क्याने जागेवरून हलतं, आणि ते हाताने पुन्हा जागी बसवावं लागतं. 2012 पासून न्गंगकारी, आज्या आणि मानसोपचाराची डॉक्टर मंडळी एकत्र बसून दुःखाचे, भीतीचे, गोंधळाचे शब्द जुळवत आहेत. 'उती कुलिन्त्जाकु' हे त्या कामाचं नाव, म्हणजे स्वच्छ विचार करता यावा म्हणून. मनातल्या एखाद्या अवस्थेला आपल्या भाषेत नाव मिळालं की पोराला ते आजीला सांगता येतं. परक्या भाषेत ते फक्त डॉक्टरला सांगता येतं, तेही अर्धं.

दारूचा प्रश्न तिथे सुटलेला नाही. 2022 मध्ये जुने निर्बंध उठले आणि ॲलिसमध्ये इतकी पडझड झाली की पुढच्या फेब्रुवारीत ते पुन्हा आणावे लागले. माझी लेक रात्रपाळीवरून यायची तेव्हा काही न बोलता चहाचा कप धरून बसायची. मीही विचारत नसे. शेजारी बसायचे.

अशाच एका सकाळी मला मामाचं एक वाक्य आठवलं. केंद्रातून परतल्यावरच्या त्या आठ दिवसांतलं. मी बाजेजवळ अभ्यास करत होते. तो म्हणाला, "तिथं दर रविवारी सगळ्यांच्या घरचे येत. मी आंघोळ करून बसून राहायचो." तक्रारीचा सूर नव्हता. मी वहीतून वर पाहिलं नाही.

व्यसनमुक्तीच्या बहुतेक केंद्रांत भेटीचा एक वार ठरलेला असतो. तुमच्या घरातलं, गल्लीतलं, ओळखीतलं कुणी आत्ता तिथे असेल तर तो वार विचारून घ्या. आणि जा. रोवणी असली तरी जा.